धवल्यातली नावं

वेरावळ बंदर
१२ जानेवारी २०२५

ती. मोनालीताय हिस,
बबलूचा नमस्कार. वि. वि.

आणि फोन का बंद ठेवलास म्हणून बोटीवरच्या धीरजच्या हाती पुन्हा पुन्हा निरोप पाठवू नको. फोन बंद नाय, तुझा नंबर बंद केलाय. दिवाळीला भांडलो तेव्हाही तू अशीच, अगोदर करून मोकळी आणि मागून रडकी. फोनवर तू रडतेस आणि मी गप बसतो. कागदावर रडलीस तर मला ऐकू येणार नाय. सातवी नापासाचं अक्षर हाय, लावून लावून वाच.

बोट परवा बंदराला लागली. बर्फ भरेपर्यंत बसलो होतो तर धीरजने मोबाईलवर व्हिडिओ लावला, बोलला, तुझी आते फेमस झाली बघ. बघतो तर पालघरचा हॉल, तू आतेचं लुगडं नेसून स्टेजवर एकटी, मागे तिचा दाराएवढा फोटो. खाली लिहिलेलं, धवलेरी साखरबाईंना मानवंदना, एकपात्री प्रयोग.

मला वाटलं, चला, आईमागे जिने आपल्याला वाढवलं, तिचं कोणीतरी नाव घेतलं. भटजी नसला तर चालेल, पण साखरबाईने मांडवात बसून धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाय, असं आख्खा डोंगर मानायचा. मग तू गायला लागलीस आणि मी थंड पडलो. ते तर माझे धवले! म्हणजे आतेचे, पण माझ्या तोंडून गेलेले.

तू मला काय सांगितलं होतंस? लकव्याने आतेची जीभ गेली, डॉक्टर बोलतो जुनं काहीतरी कानावर पाडा. बोललीस, बबल्या, तू तिच्या मागे मांडवामांडवांत फिरलास, तुला सगळे येतात, तू म्हण, मी तिच्या कानाशी फोन धरते. मी जाळ्यांच्या ढिगावर बसून गायलो. बाकीचे खलाशी हसायचे, बायकांचं गाणं गातो, बांगड्या भर बोलायचे. तरी गायलो. आणि तू ते भरून घेतलंस, पाठ केलंस, तिकीट लावलंस.

वर लोकांना सांगतेस, मी आतेला गाडीवर बसवून मासवणपासून मुरब्यापर्यंत लग्नांना न्यायची. तू? तुला तिच्याबरोबर मांडवात जायची लाज वाटायची, वर्गातल्या पोरी बघतील म्हणून मागल्या दाराने पळायचीस. गाडी मी चालवली. पंक्चरही मीच काढलं. तुझ्या आख्ख्या प्रयोगात मी मेलेला पण नाय, जन्मलोच नाय.

हे पण गिळलं असतं. पण नावं, ताय? धवल्यात नवरा-नवरीचं नाव घालावंच लागतं, त्याशिवाय चाल पुढे सरकत नाय. घरातल्या घरात गायचं होतं म्हणून मी मनातली घातली, बबलू आणि लाडकी. तू ती तशीच भरल्या हॉलमध्ये गायलीस. लाडकीचं लग्न ठरलंय ते तुला माहीत होतं. तूच मला सांगितलंस.

आणि शेवटी आतेला खुर्चीसकट स्टेजवर आणलंस. तिने थाळीतले तांदूळ चांगल्या हाताने उचलून उडवले तर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. ती नाटक करत नव्हती. ती आमचं लग्न लावत होती.

पत्राखाली लोभ असावा लिहायची रीत हाय. होता तेवढा तुला पुरला नाय, आणखी कुठून आणू?

अजून तरी तुझाच भाऊ,
बबलू


सरावली, बोईसर
१७ जानेवारी २०२५

चि. बबलू यास,
मोनालीचे अनेक आशीर्वाद, तुला नको असले तरी.

पत्र पोचलं. शाळेत असताना निबंधाच्या चार ओळी लिहायला तुला पोटदुखी व्हायची, आणि आता एवढं लांबलचक. माझ्यावरच्या रागाने का होईना, अक्षर सुधारलं.

फोन आतेच्या कानाशी धरला होता रे. ते खोटं नव्हतं. तुझा आवाज आला की ती डोळे मिटून घ्यायची. तू समुद्रावर गेलास की तुझा पत्ता नसतो, म्हणून भरून ठेवायला लागले. मी भांडी घासतानाही ते लावायची, त्यातच पाठ झालं. मग कॉलनीत नाटकं बसवणारे दर्पणसर आहेत, त्यांनी ऐकलं. म्हणाले, ही बाई विसरली जाईल, तुम्ही स्टेजवर उभ्या राहा. मी दिवसभर कंपनीत गोळ्यांचे डबे भरते, बबल्या. सुपरवायझर मला तीन नंबर टेबल म्हणून हाक मारतो. त्या संध्याकाळी लोक माझ्यासाठी उभे राहिले. तुला एवढंही सोसत नाही?

तुला प्रयोगात कुठे बसवू? एकपात्री म्हणजे एकच माणूस. आणि धवले गाणारा पुरुष आणला तर लोक हसतात, तूच लिहिलंस. नावं बदलायचं मी म्हटलं होतं, पण बदलली की माझी चाल मोडते. तू म्हटलीस तशीच जिभेवर बसली आहेत. फेब्रुवारीत बोईसरला दुसरा प्रयोग आहे, तोवर बघते.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. प्रयोगापासून आते जेवत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, दमली. पण ताट सारते आणि दाराकडे बोट करते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न लावलं की नवरा-नवरीला आपल्या हाताने घास भरवल्याशिवाय ती कधी जेवली आहे का? ती तुमची वाट बघते आहे. पेज चमच्याने घालते, तेवढीच पोटात. धीरजला फोन केला तर लागला नाही, बोट पुन्हा बाहेर गेलेली.

हे मिळेल तेव्हा माझा नंबर उघड आणि तिला तोंड दाखव. माझ्याशी बोलू नको हवं तर.

राग धर, पण धरताना माझा हात सोडू नको.
तुझी ताय,
मोनाली


मासवण
२३ जानेवारी

बबलू,

वर श्रीयुत लिहायचं का चिरंजीव ते मला ठरवता येईना, म्हणून नुसता बबलू.

तुझा नंबर मी ठेवलेला नाय, म्हणून धीरजच्या घरच्यांकडे पत्र देते. मोनालीतायचा फोन आला होता, लय रडली. बोलली, आते उपाशी हाय, तू एकदा येऊन घास घे, म्हातारीचा जीव वाचेल. माझ्या आईचं लग्न पण साखरआतेनेच लावलेलं. मी गेले.

आते खाटेवर एवढीशी झालेली. मला बघून अशी हसली की मला कसंतरीच झालं. मग माझ्या पाठीमागे बघत राहिली, म्हणजे नवरा कुठे हाय. तर मोनालीतायने तुझा निळा शर्ट अंगात घातला, डोक्याला रुमाल बांधला, आणि माझ्या बाजूला पाटावर बसली. आतेला आता नीट दिसत नाय. आतेने माझ्या तोंडात वरणभात घातला, मग मोनालीतायच्या. मग स्वतः जेवली. दोनदा मागून घेतलं. मी पण रडले, खोटं कशाला बोलू.

हात धुवायला उठले तेव्हा दिसलं. हंड्याला टेकून मोबाईल उभा केलेला, चालू. मी बोलले, हे पुसा. ती बोलली, पुसते.

पुसलं का ते तू बघ. माझी हळद मार्चमध्ये हाय. होणाऱ्या नवऱ्याच्या, रूपेशच्या घरच्यांनी पहिला व्हिडिओ बघून विचारलं होतं. मी बोलले, लाडकी नावाच्या पोरी गावोगाव हायत. पण तोंड एकच असतं ना.

आणि तू मोनालीतायला कशाला शिव्या घालतोस? माझं नाव गाण्यात घालताना तू तरी मला विचारलंस का? विचारलं असतंस तर काय बोलले असते, ते आता तुला कधीच सांगणार नाय.

बोटीवर कडेला बसत जाऊ नको. पत्राला उत्तर नको.
लाडकी


वेरावळ बंदर
६ फेब्रुवारी २०२५

मोनालीताय हिस,
नमस्कार, मोठी हायस म्हणून. वि. वि.

बंदरात आलो तर दोन पत्रं वाट बघत होती. तुझं अगोदर फोडलं. आते उपाशी वाचलं आणि तिथल्या तिथे तुझा नंबर उघडला. शपथेवर सांगतो, उघडला. लावणार तेवढ्यात दुसरं हातात आलं. मग धीरजला बोललो, बोईसरच्या प्रयोगाचं काय आलंय का बघ. आलं होतं. नवीन प्रवेशासह, साखरबाई स्वतः भरवणार मंगल घास. खाली व्हिडिओचा तुकडा जोडलेला. लाडकीचं रडतं तोंड, आतेचा हात आणि माझा शर्ट.

पुसते बोलली होतीस.

माझे धवले घेतलेस ते सोड. मला घरातून पुसलंस तेही सोड, मी तसाही घरात कुठे असतो. पण आतेने जन्मात कुणाचं खोटं लग्न लावलं नाय. नवरा दारू पिऊन आला तर ती मांडवातून उठून यायची, पोरीला मनाविरुद्ध उभी केली असली तर गाणं अर्ध्यावर तोडायची. दोन्हीकडच्यांनी पाया पडून पण पुढचा शब्द काढायची नाय. तिला तू फसवलंस. तिची नजर गेली ते बघून, तिची जीभ गेली ते बघून फसवलंस. आता दर प्रयोगाला ती एक लग्न लावणार, लावलं म्हणून उपाशी बसणार, आणि तू शर्ट चढवून तिच्यासमोर तोंड उघडणार. आणि त्याच्यावर टाळ्या.

तू लिहिलंस, लोक माझ्यासाठी उभे राहिले. ते आतेसाठी उभे राहिले, ताय. तुला कोणी नावाने ओळखत नाय याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. मला पण इथे दोन नंबर बोटीचा खलाशी बोलतात. म्हणून मी कुणाचं नाव उचलून अंगात घातलं नाय. लाडकीचं उचललं, ते तिने मला सुनावलं. तिला उत्तर लिहीत नाय, तिने नको सांगितलंय.

तुला प्रयोग करायचाच तर कर. आतेला स्टेजवर नेऊ नको आणि ते धवले म्हणू नको. राहवलंच नाय तर नावं तुझीच घाल. नवरा मोनाली, नवरी मोनाली. एकपात्रीच हाय ना?

तुकडा आज काढ. लाडकीच्या घरी जा, तिच्या आईसमोर काढ. नायतर हळदीच्या अगोदर मी तिथे येऊन सगळ्यांसमोर सांगेन की शर्टात कोण होतं. मग तुझ्या प्रयोगाला आणखी एक प्रवेश मिळेल.

आतेला सांग, बबलू जेवला. एवढं एक खोटं माझ्याकडून बोल.

आतेच्या पाया पडतो. तुझ्याशी माझं काय नातं उरलं ते तूच ठरव आणि खाली लिहून घे.
बबलू

ता. क. आतेला आणलं नाय तर दर्पणसर प्रयोग रद्द करतील, हॉलचं भाडं आपल्या अंगावर येईल, असं तू लिहिणार. म्हणून शेठकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. म्हणजे पावसाळ्यात पण मी इथेच, जाळी शिवायला. धीरजचा भाऊ गावी येतोय, त्याच्या हाती पैसे देतो. आतेला तू तिथे किती पैशांना बसवणार होतीस ते मला माहीत नाय, म्हणून अंदाजाने धरलेत. बावीस हजार रुपये.