आमेनच्या आधीची रिकामी जागा

२ डिसेंबर
आज सकाळी बायकोनं, एस्तेरनं, बांधून दिलेल्या भाकरी आणि माझं बायबल पिशवीत टाकलं, खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गाडी धरली आणि नंदुरबारला उतरलो. वीस वर्षं लग्नाकार्यांत माइक आणि भोंगे लावले. पन्नाशीच्या तोंडावर आता सावलीत, खुर्चीत बसून काम. मुबीनभाईंचा मास्टरिंग स्टुडिओ त्यांच्या गादीच्या दुकानावरच आहे. भिंतींनाही गाद्याच ठोकल्या आहेत, रस्त्यावरचा हॉर्न आत येत नाही. रेकॉर्ड झालेलं गाणं इथं शेवटचं धुऊनपुसून बाहेर जातं. देवाचे आभार मानले.

५ डिसेंबर
खरखर काढायची रीत शिकलो. गाणं सुरू होण्याआधी थोडी रिकामी जागा असते. तिच्यात फक्त पंख्याचा, विजेचा, खोलीचा आवाज असतो. ती जागा निवडून ‘लर्न’ दाबायचं. सॉफ्टवेअर तो आवाज ओळखून घेतं आणि सगळ्या गाण्यातून तेवढाच उपसून काढतं. काढलेलं वेगळं ऐकायचंही बटण आहे. मुबीनभाई म्हणाले, “दानियलभाऊ, रिकामी जागा पहिले कान दीसन ऐक. एकदाव शिकाडं ते मशीन भुलत नही.” मला हसू आलं.

९ डिसेंबर
काल आमच्या चर्चमध्ये एस्तेरचं नाताळगीत रेकॉर्ड केलं. आज हौसेनं साफ केलं. सुरुवातीची रिकामी जागा निवडली, न ऐकताच. शिकलेला आवाज सॉफ्टवेअरच्या यादीत नोंदला, नाव दिलं, एस्तेर. गाणं काचेसारखं झालं. मुबीनभाईंनी ऐकून थट्टा केली, “भाभी दम लेत नही का? रेलगाडी शे का?”
खरंच, दोन ओळींच्या मध्ये कुठंही श्वास नव्हता.
मग लक्षात आलं. आमच्यात गाण्याआधी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत, नुसत्या श्वासानं प्रार्थना करतात, मग मोठ्यानं आमेन म्हणून गाणं धरतात. ती जागा रिकामी नव्हती. आमेनच्या आधीपर्यंतची तिची प्रार्थना मी खरखर म्हणून शिकवली होती.

१० डिसेंबर
मूळ फाइलमध्येही श्वास नाही. मेमरी कार्डातही नाही. शिकवलेली नोंद पुसून टाकली. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, तर नोंद जागच्या जागी.

१४ डिसेंबर
घरी आलो. एस्तेर चूल फुंकत होती. निखारे फुलले, फुंकरीचा आवाज आला नाही. ती म्हणाली, भोंग्यांनी तुमचे कान गेलेत. पण दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली, झटकली, आणि दुसरी मागवली.

१७ डिसेंबर
फोनवर तिचं वाक्य शेवटाकडे बुडतं. मुबीनभाईंना सगळं सांगितलं. ते आता थट्टा करत नाहीत. सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. यादी कोरी असायला हवी होती. एकच नाव होतं— एस्तेर.

१९ डिसेंबर
घरी परत. ओठ हलतात, आवाज नाही. नाकापुढे आरसा धरला. धुरकटला नाही. ती हातानंच विचारते, काय झालं? मी आरसा पालथा ठेवला.

२१ डिसेंबर
एस्तेरला आज माती दिली. दारावर तिनं टांगलेली नाताळची चांदणी तशीच आहे. काढवली नाही.

२३ डिसेंबर
स्टुडिओत. काढलेलं ऐकायचं बटण दाबलं. पंखा. वीज. आणि त्यांच्या मागे— एस्तेर. आमच्या मावची बोलीत तीच प्रार्थना. आमेनपाशी येते, अडते, पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी जास्त थकलेली. मुबीनभाईंनी हेडफोन ओढून घेतला. “घर जा, भाऊ. तठे कोणी नही.”
त्यांना ऐकू येत नाही. तिला आमेन मिळत नाही. मीच कापलं.

२४ डिसेंबर
प्रभू, पाप असेल तर माझ्या माथी. तिचं आमेन तिला पोचवतोय.
माइकपुढे डोळे मिटले. ओठांत तीच प्रार्थना म्हटली, आमेनसकट. पूर्ण निवडली. ‘लर्न’ दाबलं.
पंखा ऐकू येतोय. माझा श्वास नाही.
हेडफोन लावला. एस्तेर अगदी जवळ— शेवटची ओळ आली. ती थांबली. माझी वाट बघतेय. तोंड उघडलं, पण आमेनला श्वास