फ्लॉसशी बोलतेस तसं

ग्लासगो, नोव्हेंबर १९७८

प्रिय आई,

तू पाठवलेल्या ओटच्या भाकऱ्या पोचल्या. निम्म्या मैत्रिणींनीच पळवल्या. खोली उबदार आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय, तेव्हा काळजी करू नकोस. तोर्मोददादानं गोठ्याचं छप्पर नीट केलं का?

उत्खननात सापडलेली खापरं आम्ही दातांच्या ब्रशनं घासतो. ते मला जमतं. आपल्या गेलिक भाषेच्या तासाला मात्र हसं झालं. मॅकअस्किल सर म्हणाले, "बेटावरची पोर ना तू? घरी काय बोलता, ऐकव की!" मला तू फ्लॉसवर ओरडतेस तेवढंच आठवलं. म्हटलं, "इकडे ये. गप पड. मेंढी सोड. मेले, चिखलाचे पाय घेऊन आत आलीस तर बघ!"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "आमच्याही घरी गेलिक फक्त कुत्र्यालाच यायची."

शाळेत गेलिक बोललीस म्हणून तू मार खाल्लास, आणि आमच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून आमच्याशी इंग्रजीतच बोललीस. राग नाही गं. पण तू आणि बाबा दार लोटून बोलायचात, तेव्हा मी कधी दाराशी थांबले नाही, त्याची हळहळ वाटते. मडकी निदान मातीत राहतात. बाबा गेले, त्यांचं बोलणं कुठे खणू?

तुझे गुडघे कसे आहेत? फ्लॉस अजून चुलीपुढे झोपते का?

नाताळाला येतेय. तेव्हा फ्लॉसशी बोलतेस तसं माझ्याशी बोल. मला कळलं नाही तर तिच्यावर ओरडतेस तशी ओरड, पण इंग्रजीत समजावू नकोस.

तुझीच पोर,
शोनाग