सातापर्यंत मोजणारा वाचक

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (या वेळी तो नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. गेले दोन महिने मी कामाच्या टेबलावर इतक्या वेळा आडवा झालो आहे, की त्यातला एखादा तुझ्या नावावर धरायला हरकत नाही.) गुडघा कसा आहे? जिना एकटी उतरतेस, की अजून काकांना पुढे घालून त्यांच्या खांद्याला धरून? काकांना नमस्कार सांग, आणि राऊटर अजून कपाटातच आहे का तेही विचार. (धूळ बसते म्हणून राऊटर लोखंडी कपाटात चादरींखाली ठेवणारं माणूस माझ्या ओळखीत दुसरं नाही.) इकडे सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल आहे की फोनवर सांगून भागलं नसतं. फोनवर मी जरा रंगात आलो की तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्राचं तसं नाही. मध्येच ठेवलंस तरी मला कळायचं नाही.

माझं काम नेमकं काय हे मी तुला बारा वर्षं समजावतो आहे आणि तू बारा वर्षं शेजारणीला "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतेस, तेव्हा पुन्हा एकदा. लोक घरबसल्या एखादं पान मागतात. ते पान शोधून त्यांच्यासमोर ठेवणारा जो प्रोग्रॅम पलीकडे बसलेला असतो, त्याला वेब सर्व्हर म्हणतात. तू एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसून जे केलंस तेच तो करतो, फक्त एका वेळी चार हजार जणांचं करतो आणि चहाला उठत नाही. हा सर्व्हर आमची कंपनी बनवते. त्यात मी सहा महिने खपून एक नवीन भाग बसवला. पान पाठवण्याआधी तो ते दाबून लहान करतो, म्हणजे मोठी पानंही लवकर पोचावीत. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एका मोठ्या वाचनालयाने तो सगळ्यांत आधी घेतला. (तेच वाचनालय, ज्यातली जुनी मासिकं बघायला मी तुला माझा जुना टॅबलेट आणून दिला.) आणि त्याच आठवड्यापासून वाचनालयाचा सर्व्हर पडायला लागला.

पडायला लागला म्हणजे चालता चालता मरायला लागला. आमचा एक राखण्या प्रोग्रॅम त्याला दोन सेकंदांत पुन्हा उभा करायचा. पण त्या दोन सेकंदांत ज्याने पान मागितलं असेल त्याच्यासमोर कोरा पडदा. बरं, रोज ठरल्या वेळी पडला असता तर मी त्याचे पाय धरले असते, कारण रोज होणारी चूक दोन दिवसांत सापडते. हा पठ्ठ्या एखाद्या दिवशी अकराच्या सुमारास तीनदा पडायचा, एखाद्या दिवशी एकदाच, आणि मी वाचनालयाच्या माणसांना घेऊन समोर बसलो की दिवसभर असा गुणी वागायचा की त्यांनी मलाच चष्म्याचा नंबर विचारावा. ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं, की आधी पडत नव्हता, याचा भाग बसवल्यावर पडायला लागला, म्हणजे दोष याच्या भागाचा. मीसुद्धा दुसऱ्याच्या बाबतीत हेच म्हणालो असतो, म्हणून जास्त लागलं.

आमच्या मॅनेजरबाई फार बोलत नाहीत. त्यांनी मला शांतपणे कॅलेंडरवरचा एक शुक्रवार दाखवला. त्या शुक्रवारपर्यंत कारण नाही सापडलं तर माझा भाग काढून टाकायचा, आणि मी पुढचं वर्षभर खालच्या मजल्यावर ग्राहकांचे फोन घ्यायचे. आता तू म्हणशील, फोन घेण्यात कमीपणा कसला, आम्ही जन्मभर घेतले. कमीपणा नाही गं. पण सहा महिने मी जे केलं ते बरोबर होतं हे मला मनातून ठाऊक होतं, आणि ते सिद्ध करायला हातात काही नव्हतं. रात्री जेवताना ही विचारायची, सापडलं का, आणि मी म्हणायचो, मीठ कमी आहे.

शोधायचं कसं म्हणशील, तर सर्व्हर मरताना आपल्या पोटातलं सगळं एका फाइलमध्ये ओतून जातो. अशा बावीस फाइली मी चिवडल्या. बावीस वेळा तो वेगवेगळ्या जागी मेलेला. एकदा तारीख लिहिताना, एकदा नावातली अक्षरं मोजताना, एकदा तर काहीही न करता नुसता बसलेला असताना. मेमरीच्या भानगडीत हाच वैताग असतो. जो मरतो त्याने काही केलेलं नसतं, आणि ज्याने केलेलं असतं तो केव्हाच हात पुसून चालता झालेला असतो. मग मी नजर ठेवायला एक जास्तीची ओळ घातली. पडणं बंद. ओळ काढली. पडणं सुरू. आमच्याकडे एक जुनेजाणते आहेत, वय पंचेचाळीस पण सगळ्यांत जुना कोड त्यांना पाठ म्हणून त्यांना आजोबा म्हणतात. ते म्हणाले, मग राहू दे की ती ओळ. (ते हे गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या कोडात अशा ओळी किती आहेत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.) मी ऐकलं नाही. त्यानंतर मेमरीला कोणी कुठे हात लावला हे टिपून ठेवणारं एक साधन जोडलं, तर सर्व्हर इतका मंदावला की पडायलासुद्धा त्याला सवड होईना.

चौथ्या आठवड्यात मी वैतागून माझ्या भागातली एक संशयित ओळ बदलली, आणि काय सांगू, सर्व्हर उभा राहिला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सातव्या दिवशी मॅनेजरबाईंनी केक मागवला. मी लहानसं भाषण केलं. (लहानसं माझ्या मते. आजोबा मध्येच उठून पाणी पिऊन आले.) नऊ दिवस मी ऑफिसात नवरदेवासारखा वावरलो. दहाव्या दिवशी अकरा वाजून सहा मिनिटांनी सर्व्हर पडला. मग अकरा सातला पडला. मग अकरा आठला. फ्रिजमध्ये केकचा एक तुकडा शिल्लक होता, तो कोणी खाईना आणि कोणी टाकेना.

शुक्रवारला दोन दिवस राहिले होते. आणि आत्या, तुझ्या भाच्याचं डोकं चाललं ते इथे. मी इतके दिवस विचारत होतो, पडतो त्या दिवशी काय घडतं. आता उलटं विचारलं, की त्या नऊ दिवसांत काय घडलं नाही. सर्व्हर रोजनिशी ठेवतो, कोणी काय मागितलं, काय दिलं. ती मी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली आणि पाहतो तर अर्धी रोजनिशी गायब. चोराची शोधाशोध करता करता लक्षात आलं की चोर मीच. पहिल्याच आठवड्यात, वाचायला सोपं जावं म्हणून, मी काही नोंदी पडद्यावर दिसणार नाहीत अशी सोय केली होती. त्यात एक नोंद होती: वाचक पान पुरतं पोचायच्या आधी निघून गेला. म्हटलं, गेला तर गेला, आपलं काय गेलं! पाच आठवडे मी घरभर किल्ली शोधत होतो आणि ती ज्या खिशात होती तो खिसा मी स्वतःच शिवून टाकला होता.

शिवण उसवली. एक वाचक होता (नाव नाही, नुसता कार्डाचा क्रमांक). रोज अकराला यायचा, एका जुन्या मासिकाच्या जाड खंडातलं शब्दकोड्याचं पान मागायचा, आणि बरोबर सात सेकंदांनी निघून जायचा. सहा नाही, आठ नाही. लगेच परत यायचा, पुन्हा सात सेकंद, पुन्हा चालता. अशा तीन खेपा. आणि केकच्या त्या नऊ दिवसांत हा वाचक आलाच नव्हता. मी खुर्चीतून उठलो तो गुडघा टेबलाला आपटला, पण कळ कळली दुसऱ्या दिवशी.

मध्येच निघून जाणारे पुष्कळ असतात. पण याचं पान अवाढव्य, लाईन मुंगीच्या पावलाची, आणि वेळ ऐन गर्दीची. वाचक निघून गेला की सर्व्हर त्याच्यासाठी घेतलेली मेमरी परत करतो. मात्र माझा दाबून लहान करणारा भाग तेव्हा कामात अर्धा बुडालेला असतो, आणि वाचक गेल्याचं त्याला कोणी सांगतच नव्हतं. लॉजमधली खोली सोडून किल्ली परत द्यावी आणि आपल्याच एका माणसाने आत सामान लावत बसावं, तसं. खोली रिकामी असेल तोवर कोणाला पत्ता नाही. नवीन पाहुणा उतरला की बोंब. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: मंद लाईनवरून ते पान माग, सात मोज, तोड, पुन्हा माग. आजूबाजूला खोटी गर्दी उभी केली आणि बटण दाबलं. चाळीस सेकंदांत सर्व्हर माझ्या डोळ्यांदेखत पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. दहापैकी दहा वेळा. आपलंच काम पडताना बघून इतका आनंद झालेला माणूस त्या मजल्यावर आधी कोणी पाहिला नसेल. सगळे जमले. अकराव्यांदा मी आजोबांना बटण दाबायचा मान दिला.

मग मेमरी परत करणारी ती ओळ शोधली. ती माझ्या भागात नव्हतीच! अकरा वर्षं जुनी होती, आणि शेजारी लिहिणाऱ्याने शेरा मारून ठेवला होता, की पान अर्धवट असताना इथे कोणी पोचणार नाही. खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती. मॅनेजरबाई माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

मग त्या स्वतःच हसल्या, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून चार ओळींत ते दुरुस्त केलं: दोघांचंही काम संपेपर्यंत किल्ली परत द्यायची नाही. एवढंच. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन. आज एकोणीस दिवस झाले, सर्व्हर एकदाही पडलेला नाही. माझा भाग जागेवर आहे, मी माझ्या मजल्यावर आहे, आणि काल आजोबांनी त्यांच्या कोडातली एक जास्तीची ओळ तपासायला गुपचूप माझ्याकडे आणून दिली. मला आतून फार बरं वाटतं आहे आत्या. जेवणातलं मीठही बरोबर लागतं.

गुडघ्याला शेक चालू ठेव. काकांशी भांडण झालं तर चूक काकांचीच असेल, हे मी इथूनच सांगून ठेवतो.

तुझा,
भाचा (कॉम्प्युटरमधला)

ता. क. परवाच्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा ही सगळी बढाई समोरच मारायची ठरवून आलो होतो. तू म्हणालीस थांब, आधी कोडं उघडते. टॅबलेट मांडीवर घेतलास, पान मागितलंस, आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागलीस. सातला पान बंद केलंस. मी विचारलं, हे काय करतेस. तू म्हणालीस, "बोर्डावर शिकवलं होतं. सात मोजायचे, पलीकडून आवाज नाही आला तर दोर ओढायचा आणि पुन्हा लावायचा." मी मुकाट चहा प्यायलो. मग मनातल्या मनात तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आणि दवाखान्यातले दिवस मोजले. नऊ भरले. म्हणजे माझा नवीन भाग आणि माझा जुना टॅबलेट, दोन्ही मीच एका आठवड्यात पाठवले होते.

आणखी एक ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं आहे. येत्या मंगळवारी अकरा वाजता दुरुस्त केलेला सर्व्हर आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदम सुरू होणार आहे. त्या वेळी कृपा करून कोडं घेऊन बस आणि नेहमीसारखं कर. उगाच माझ्यावर माया करून आठ मोजू नकोस. राऊटर मंगळवारपर्यंत कपाटातच राहू दे. हवं तर आणखी एक चादर घाल.

शेवटचं. तू मला तीनदा फोन करून सांगितलं होतंस, की तुझं ते वाचनालय अकरा वाजता मरतं रे. तिन्ही वेळा मी म्हणालो, आत्या, तुझा टॅबलेट जुना झालाय. चूक झाली, माफ कर. आता आमच्याकडे नियम झाला आहे, की सर्व्हरमध्ये कोणीही एक अक्षर बदललं तरी बाहेर पाठवण्याआधी त्या सात मोजणाऱ्या प्रोग्रॅमने तो हजार वेळा तोडून बघायचा. त्या प्रोग्रॅमला नाव द्यायचं होतं, मी "आत्या" दिलं. मॅनेजरबाईंनी विचारलं, या कोण. मी म्हटलं, एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या एक जाणकार बाई आहेत. काल पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली: आत्याने हजार वेळा फोन ठेवला, सर्व्हर उभा आहे. मी ती ओळ छापून टेबलासमोर लावली आहे.