‘वीण’ची चावी आणि सातवा तुकडा

मी, वस्त्र-संमिश्रांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई, वय वर्षे अडुसष्ट, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना, कोणी भरीस घातलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. याआधीची दोन रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हे रागात नाही असे मी म्हणत नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीस. तिने कपाटे आवरण्याच्या नावाखाली माझे कागद फेकू नयेत.

२. टेबलावर मावणारा हातमाग प्रयोगशाळेतील यंत्रचालकास. त्यावर मी नमुन्याची कापडे विणली आणि त्याने ती यंत्रात ताणून तोडली. वीस वर्षांत ‘हे कशाला’ म्हणून एकदाही विचारले नाही.

३. ‘वीण’. विणलेले कापड राळेत मुरवून कडक केले की त्याची पवनचक्कीची पाती होतात, होड्या होतात. तो तुकडा कुठे तुटेल हे ही संगणकप्रणाली आधीच सांगते. मी ती लिहिली आणि कोणीही वापरावी, सुधारावी म्हणून खुली ठेवली. लोक खरेच सुधारू लागले तेव्हा माझ्या पोटात दुखू लागले. सर्वांत जास्त सुधारली माझ्याच विद्यार्थ्याने, ज्याला मी घरात ‘शहाणा’ म्हणते. अकरा वर्षे तोच ती सांभाळतो. गेल्या परिषदेत एका मुलीने मला कौतुकाने विचारले, “मॅडम, तुम्हीपण ‘वीण’ वापरता?” त्या दिवशी मी जेवले नाही.

‘वीण’ जिथे साठवली आहे त्या मूळ जागेची मुख्य चावी, म्हणजे पासवर्ड, फक्त माझ्याकडे आहे. शहाण्याला तिथे बदल करण्याची परवानगीही दर वर्षी मीच त्या चावीने वाढवून देते. शहाण्याने ती चारदा मागितली, मी चारदा विसरले. ती माझ्याबरोबर गेली तर तिथे कोणालाच बोट लावता येणार नाही आणि नव्या संगणकांवर ‘वीण’ बंद पडेल. पडू दे, असेही मला वाटले आहे.

४. सातवा तुकडा. ‘वीण’मध्ये काहीही बदलले की ती चाळीस कापडे नव्याने सोडवते आणि उत्तरे प्रयोगशाळेतील मापांशी ताडते. सातवे जुळेना, म्हणून मी एका ओळीत गुणक घुसवून ते जुळवले. त्या प्रकारे विणलेल्या कापडांची सगळ्यांची उत्तरे नऊ वर्षे चुकत राहिली. मग शहाण्याने मूळ तुकडा भिंगाखाली धरला. घरी आला, चहा संपवला आणि म्हणाला, “मॅडम, सातवा आडवा कापला गेलाय. माप उभ्याचं म्हणून लिहिलंय.”

कापणारी मीच. मी म्हटले, “मग दुरुस्त कर की. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?”

त्याने केले, आणि नोंदीत लिहिले: दोष मॅडमनी शोधला. मला आभाराची पत्रे आली. मी प्रत्येकाला उत्तर दिले. चांगुलपणातही तो माझ्या पुढे गेला, हे मला आजतागायत सहन झालेले नाही.

५. सबब चावी शहाण्यास. लिफाफा कपाटात डावीकडे आहे. बहिणीस वरील ताकीद त्यासाठीच. त्याने पहिला बदल असा करावा: चूक माझी, लपवणारी मी, शोधणारा तो, असे नोंदीत लिहावे. त्या नोंदीखाली नाव मात्र माझे घालावे. कबुली मी दिली आहे, ती तरी त्याच्या नावावर जाता कामा नये.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ३ फेब्रुवारी

सही: (माझीच)

साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई (वाचून हसल्या, पण सही केली)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (यंत्रचालकास हातमाग मिळत असल्याने त्याला बोलावले नाही)