कोणती चाल वाजवायची

मनाग्वा, ३ नोव्हेंबर १९९४

ती. रडलीकाकांस,
इल्डाचा सप्रेम सलाम, वि. वि.

आईचे फार दिवस उरलेले नाहीत, असे डॉक्टरांनी मलाही कळवले आहे. नदीला पूर आहे, बोटी बंद आहेत. टपालाच्या विमानात माणसाला जागा नाही, त्यामुळे मला येता येत नाही.

तुम्ही सांगितल्यावरून चर्चचे जुने स्तोत्रसंग्रह पाहिले. गावात कुणी गेले की तुम्ही चर्चचे वादक कर्ण्यांवर खबर देता, तेव्हा चाली वेगवेगळ्या का, याचे कारण साधे आहे. शेतात किंवा होडीत असलेल्याला न विचारता कळावे, की गेले ते पोर, कुणाची बायको की विधवा. नवरा समुद्रात बेपत्ता असेल तर काय, याबद्दल कुठेही शब्द नाही.

मी बंदरखात्यात समुद्राचे प्रवाह मोजते. बाबांच्या बेपत्ता होडीचे काय झाले असेल, ते मी केव्हाच ताडले आहे. आईला सांगितलेले नाही. ती अजून मला हायकू पाठवते:

खेकडा आला
माझ्याच चपलेत
घर बघाया

आई गेली की चाल बायकोचीच वाजवा, विधवेची नको.

लोभात अंतर नसावे.
इल्डा

कोकल पॉइंट, ८ नोव्हेंबर

चि. इल्डास,
अ. आ.

तू मोजमापवाली पोर, आणि मला खोटे वाजवायला सांगतेस? तुझा बाप अल्स्टन माझा सख्खा भाऊ. पाद्रीबाबा म्हणतात, विधवेचीच चाल.

डेल्सीवहिनीला कुणकुण लागली. म्हणाली, की ती चाल वाजवलीस तर शवपेटीतून उठून तुझ्या कर्ण्यात काथ्या कोंबेन. हसली, खूप खोकली. मग माझा हात धरून म्हणाली, की माझ्यामागे त्याची वाट बघणारे कुणी नाही. निदान तुम्ही तरी त्याला बुडवू नका.

मी काय करू?

तुझा काका,
रडली

मनाग्वा, १२ नोव्हेंबर

ती. काकांस सलाम.

बोटी बंदच. मी आजवर कुणाची मनधरणी केलेली नाही. आता तुमची करते. पाद्रीबाबांना माझे नाव सांगा, दोष माझ्यावर घाला. पण ती चाल नको. एवढे करा, काका.

इल्डा

कोकल पॉइंट, १६ नोव्हेंबर

चि. इल्डास,
अ. आ.

वहिनी काल सकाळी गेली. शांतपणे गेली. मी पाद्रीबाबांकडे न बघता बायकोची चाल धरली, बाकीच्यांनी साथ दिली.

चाल संपायच्या आत बायका पिठाचे हात तसेच घेऊन घराबाहेर आल्या आणि धक्क्याकडे पळाल्या. डेल्सी बायको म्हणून गेली, म्हणजे अल्स्टन परत आला, असे त्यांनी धरले. पुरुषांनी त्याला आणायला होड्या पाण्यात लोटल्या. पाद्रीबाबांनी मला त्यांना परत आणायला पाठवले.

मी गेलो. कर्णा हातातच होता. त्यांच्यात उभा राहिलो आणि मीही पाण्याकडे बघत राहिलो. आज सकाळी पुन्हा होड्या गेल्या आहेत.

बोट सुटली की ये. या लोकांना काय सांगायचे ते तूच सांग, पोरी. माझ्याने होत नाही.

तुझा,
रडलीकाका