बंद न पडणारा गिझर

देवपूर, धुळे
दि. १२ जानेवारी २०२५

प्रिय भाऊ,

नमस्कार. तू, हेमलता वहिनी, पोरं सगळे बरे असाल. आपल्या नानांचा गुडघा कसा आहे? थंडीत त्यांना पहाटे फिरायला जाऊ देऊ नकोस. तू पाठवलेली सावद्याची केळी पोचली.

मोनालीला घरी आणलं. धरून धरून चालते. बोलताना मध्येच थांबते, शब्द सापडत नाही, मग चिडून रडते. डॉक्टर म्हणतात मेंदूला ऑक्सिजन कमी पडला होता, सुधारेल, पण वेळ लागेल. कॉलेजचं हे वर्ष गेलंच.

परवापासून तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय, नानांच्या हाती पडायला नको.

तू गॅसचा गिझर आणलास तेव्हा ह्यांना विजेचा घ्यायचा होता. मीच अडून बसले, माझ्या भावाचं दुकान असताना दुसरीकडे कशाला जायचं? आमची न्हाणी केवढीशी ते तू पाहिलंच आहेस. सुरुवातीला अंघोळ अर्ध्यावर आली की तो आपोआप बंद पडायचा. सासूबाई अंगाला साबण लावून आतून ओरडायच्या. मी तुला फोन केला आणि तू लगेच जळगावहून आलास. दार लोटून खटपट केलीस आणि हात पुसत बाहेर आलास. "सेन्सर नाजूक शे त्याचा. सेट करी दिधा. आते बंद पडणार नही."

मी विचारलं, "काही धोका नही ना?"

तू हसलास. "मी शे ना!"

मला तेवढं पुरलं. आणि खरंच, त्यानंतर तो कधी बंद पडला नाही. मोनाली आत पडली तेव्हाही नाही. ह्यांनी दार फोडलं तेव्हा गिझर भडभड जळत होता आणि पोर ओल्या फरशीवर निळी पडली होती.

दवाखान्यात तू धावत आलास. मी तुझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. डॉक्टरांनी गॅसचं विचारलं, तेव्हा सगळ्यांसमोर तू म्हणालास, "मी हिला कितीदा सांगितलं, खिडकी उघडी ठेवत जा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. थंडी येते म्हणून खिडकीला पुठ्ठा मीच लावला होता. मी मान डोलावली. वाटलं, तू सांगितलं असशील, मीच विसरले असेन. मोनालीच्या उशाशी बसून मी तेच आठवत राहायचे, भाऊ हे कधी म्हणाला? सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

परवा हे मोनालीला तपासणीला घेऊन गेले होते, घरात कुणी नव्हतं. का कोण जाणे, मी पुठ्ठा परत लावला, नळ सोडला, गिझर चालू केला आणि दार ओढून बाहेर उभी राहिले. थोड्या वेळाने तो बंद पडला. आपोआप, अगदी सुरुवातीला पडायचा तसा.

म्हणजे हवा कमी पडली की गिझर बंद करणारा सेन्सर पुन्हा जागेवर होता. शेजारच्या सुनंदाबाईंना विचारलं, आम्ही दवाखान्यात असताना घरी कोणी आलं होतं का? त्या म्हणाल्या, "तुना भाऊ उना व्हता ना. न्हाणीमा गिझर खोलीसन बठेल व्हता."

मोनालीचे कपडे आणतो म्हणून तू माझ्याकडून किल्ली घेतली होतीस, आणि न्हाणीत गिझर खोलून बसलास.

मी लगेच फोन केला. "भाऊ, तू सेन्सर काढून टाकला होतास आणि आता परत जोडलास, हो ना?" तू म्हणालास, "सुलू, माले दुकान शे, पोरे शेतस. आणि खिडकी तर तूच बंद करेल व्हती ना?" आणि फोन ठेवलास.

सेन्सर काढलास ते मी कदाचित गिळलंही असतं. आमची अडचण व्हायला नको म्हणून केलंस, काही होणार नाही असं तुला वाटलं असेल. पण माझी पोर श्वासासाठी झगडत होती आणि तू तिच्या आईच्या हातून किल्ली घेऊन तो परत जोडायला गेलास. परत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवलास. त्या हाताने मला धीर आला होता रे.

आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते पोलिसांत जाणार आहेत आणि मी अडवणार नाही. तू मोठ्या तोंडाने सांगायचास, यावल, जामनेर, सगळीकडे असंच सेट करून देतो, एक तक्रार येत नाही. त्या प्रत्येक घरी जा. सेन्सर जोड, आणि आधी काय केलं होतंस ते त्यांच्या तोंडावर सांग. त्याने तक्रार टळणार नाही. पण त्या घरांत लोक रोज अंघोळ करताहेत. हे पत्र हातात पडताच निघ. नाहीतर मी वहिनीला फोन करून दुकानातले पत्ते मागेन आणि स्वतः जाईन.

मोनालीला अजून काही सांगितलेलं नाही. मामा येत का नाही, असं ती विचारते. तिला तूच येऊन सांग. मी दार उघडीन. आत ये म्हणेन की नाही, ते आज मलाही सांगता येत नाही.

सुलक्षणा