उजेडाची तपासणी

१० नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची सिंदी रेल्वे या गावी! नागपूरचं कंटेनर यार्ड सोडून इकडे बदली मागून घेतली, म्हणून आई दोन दिवस गाल फुगवून होती. तिच्या मते शिकलेल्या मुलीने बँकेत बसावं, लोखंडी खोक्यांत शिरू नये. खोली झकास मिळाली आहे. घरमालकीण प्रमिलाबाईंनी पोचल्या पोचल्या झुणका-भाकर वाढली, लग्नाचं विचारलं, पगाराचं विचारलं आणि उत्तर न ऐकताच चहा ठेवायला गेल्या. रोजनिशी या वेळी मोबाईलवरच लिहिणार. वह्या माझ्या हातून टिकत नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

यार्ड बघून जीव खूश झाला. कंटेनरला इथे सगळे डबाच म्हणतात. साधा बंद डबा कापसाच्या गाठींना आणि सोयाबीनच्या पोत्यांना. संत्र्यांना थंड डबा, तो दिवसभर आपलं यंत्र घेऊन गुरगुरत बसलेला असतो. कांद्याला झरोक्यांचा, कारण कोंडून ठेवला की कांद्याला घाम फुटतो आणि सगळा माल सडतो. सरकी काढायची जिनिंगची मशिनं क्रेनने वरून सोडावी लागतात, त्यांना उघड्या छताचा, वर ताडपत्री. खाद्यतेलाला टाकीवाला. आणि ट्रान्सफॉर्मरसारख्या आडदांड पाहुण्याला नुसता तळ, भिंती नाहीतच. हे सगळं स्थळ जुळवण्यासारखंच आहे, असं मी कामावरचा जोडीदार कैलास याला म्हटलं. तो वडनेरचा, माझ्यासारखाच तपासनीस, डिप्लोमा केलेला. लग्नाला वर्ष झालेलं. त्याने जेवणाच्या डब्यात बायकोच्या, रूपालीच्या हातची वांग्याची भाजी आणली होती, त्यातली अर्धी मी संपवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून उजेडाची तपासणी. कापूस भरण्याआधी रिकाम्या डब्यात एकाने जायचं आणि दुसऱ्याने बाहेरून दारं लावायची. आत काळाकुट्ट अंधार. पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपका दिसला की डबा नापास, नाहीतर समुद्रावर तिथूनच पाणी शिरतं आणि गाठी भिजतात. दाराला आतून कडी नसते. काम झालं की थाप मारायची.

इथे एक गंमत आहे. थाप ऐकून बाहेरचा लगेच उघडत नाही. आधी आत कोण म्हणून विचारतो, आतल्याने आपलं नाव सांगायचं, मगच दाराचे दांडे फिरवायचे. यार्डाचे साहेब बबनराव हा रिवाज मोडू देत नाहीत. का, तर पहिल्यापासून आहे. आत मी, दार लावणारा कैलास, मग विचारायचं ते काय? आज मी आतून ‘तुझी सासू’ असं ओरडले. त्याने हसत हसत उघडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कापसाची नुसती रीघ लागली आहे. दिवसभर आत-बाहेर करून कंबर मोडली. शेवटी कैलासच वैतागला. म्हणाला, “म्याडम, नाव इचारू इचारू टाइम खोटी होऊन राह्यला.” मग आम्ही दोघांनी मिळून तो रिवाज गुंडाळून ठेवला. थाप पडली की उघडायचं. बबनरावांना सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बंदरावरून एक राखाडी डबा रिकामा आला आहे. मी आत गेले, कैलासने दार लावलं. एकही ठिपका नाही. दाराच्या रबरापाशी कुठेतरी उजेडाची रेघ असतेच असते, इथे तीही नव्हती. मी खूश व्हायला हवं होतं. पण आतली हवा दमट, उबदार होती, पांघरुणात तोंड खुपसल्यावर असते तशी.

तेवढ्यात थाप पडली. आतून. माझ्या कानाजवळ.

मी मारली नव्हती.

कैलासने उघडलं आणि इतक्यात तपासणी कशी झाली म्हणून विचारलं. हा उद्या बघू, असं सांगून मी पुढच्या डब्याकडे निघाले. आपण मोठ्या धीट, असं आजवर समजत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

त्या डब्यात पुन्हा जायची माझी छाती झाली नाही. डोकं दुखतंय असं सांगून मी कैलासला आत पाठवलं. त्याला कालचं काही सांगितलं नाही. हसेल म्हणून.

थाप पडली. मी उघडलं. कैलास बाहेर आला, डबा चांगला आहे म्हणाला. भर दुपारचं ऊन तोंडावर आलं तरी त्याने डोळे बारीक केले नाहीत. मी घामाने निथळत होते, त्याचं कपाळ कोरडं होतं.

मी दांडे पुन्हा लावले आणि डबा नापास केला. आत वास येतो, कापसाला लागेल, असं कारण दिलं. सोमवारच्या गाडीने तो रिकामाच बंदरावर परत जाणार. सुटलो, असं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रूपालीचा फोन आला. रडत होती. “म्याडम, यायले काय झालं जी? घरातले सारे भोकं कापूस कोंबू कोंबू बुजवून राह्यले. जेवत नाई, पाणी पेत नाई. अंधारात भिताडाले थापा मारत बसते.” मी ताप असेल म्हटलं. माझंच मला पटलं नाही.

यार्डात तो दिवसभर माझ्याजवळ उभा होता. मी सरकले की सरकायचा. वांग्याची भाजी विचारली, तर कसली भाजी, म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

राखाडी डबा वाजतोय. क्रेनवाला म्हणतो, लोखंड तापलं की वाजतं. तापलेलं लोखंड टकटक करतं. या थापा आहेत. तळहाताच्या.

जवळ गेले. विचारलं, आत कोण?

“कैलास.” मग, “म्याडम, तुमी मले काऊन नाई काढलं?”

मागे वळून पाहिलं. कैलास केबिनच्या सावलीत उभा होता. माझ्याकडे बघत.

बबनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, उघडताना नाव विचारलं होतं का. मी नाही म्हटलं. ते खुर्चीत बसले ते बसलेच. मग म्हणाले, नाव न विचारता उघडलं की दुसरंच काही त्या माणसाचं रूप घेऊन बाहेर येतं; आता ते दार उघडायचं नाही. ज्या नावाचा माणूस बाहेर उभा आहे, त्या नावाला उघडायचं नाही. एकाच्या पायी आणखी किती बाहेर येतील, कोणास ठाऊक. डबा जाऊ द्या.

जाऊ द्या? आत कैलास आहे. मी पाठवला आहे त्याला.

२३ नोव्हेंबर, रविवार

थापा हळू झाल्या आहेत. पाण्यावाचून माणूस किती—

रूपालीला फोन केला, आईकडे निघून जा म्हटलं. ती म्हणाली, हे दारापुढून हटत नाहीत. मागून तो तिच्या सुरात सूर मिळवून तेच बोलत होता. तिचेच शब्द. तिच्याच आवाजात.

बबनराव खोटं सांगत असतील, तर मी माणूस मारतेय. खरं सांगत असतील, तरी मारतेय.

उद्या उघडणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

डबे चढवणं सुरू झालंय. बबनराव फलाटाकडे आहेत. तो दिसत नाही. पाण्याची बाटली घेतली. जाते—

आत आहे मी.

कैलास जिवंत आहे. अगदी मागे होता, उठता येत नव्हतं त्याला. ओढायला आत गेले. माझ्या अंगाला घासून कोणीतरी बाहेर गेलं. मग दार लागलं. दांडे फिरल्याचा आवाज—

रेंज नाही. लोखंड आहे चारी बाजूंनी.

तो पाणी प्यायला. माझा हात सोडत नाही. त्याचं कपाळ घामाने भिजलंय. हाच कैलास आहे. हाच.

दोघांनी थापा मारल्या. बबनराव आले! आत कोण, विचारलं. मी जीव तोडून माझं नाव सांगितलं. इला. इला आहे मी.

बाहेर दांड्यावर हात पडल्याचा आवाज आला.

मग माझा आवाज आला. बाहेरून. शांतपणे म्हणाला की इला तर इथे उभी आहे.

बबनराव हुंदका आवरत होते. ते ऐकू आलं मला. मग म्हणाले, सील लावा.

ओरडतेय. त्यांनाही ऐकू येत असणार—

क्रेन. जमीन सुटली. कैलास सारखा एकच विचारतोय, रूपालीजवळ आता कोण—